काम उक्ते दिले, जबाबदारी नाही

मे महिना आला की भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी येथे यंत्रमागाच्या शेडवर माणसे चढलेली दिसू लागतात. फुटके सिमेंटचे पत्रे बदलायचे, पावसाचे पाणी मागावर पडू द्यायचे नाही, ही आपली दरसालची लगबग. काम मिस्त्रीला उक्ते दिले जाते, मिस्त्री तीन-चार मजूर आणतो आणि आपण निश्चिंत होतो. मजूर पडलाच तर मिस्त्री पाहून घेईल, असा आपल्या बाजारात समज आहे. हा समज महागात पडणारा आहे.

1923 च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या 12 व्या कलमानेच हे ठरवून टाकले होते. मालकाने आपल्या धंद्याचे नेहमीचे काम ठेकेदाराकडून करून घेतले आणि मालकाच्या जागेत ठेकेदाराच्या मजुराला अपघात झाला, तर मजूर थेट मालकाकडे भरपाई मागू शकतो. मालकाने ती नंतर ठेकेदाराकडून वसूल करावी. 21 नोव्हेंबर 2025 पासून या कायद्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता आली, तत्त्व मात्र तेच राहिले. आता रोजच्या कमाईवर जगणाऱ्या मिस्त्रीकडून आपण काय वसूल करणार?

छताची दुरुस्ती हा विणकामाच्या धंद्याचा भाग आहे की नाही, यावर वकील जरूर वाद घालतील. त्या वादात वर्षे जातात आणि कमावता माणूस गेलेल्या घराची चूल तोवर थंड राहते. शिवाय हयगयीने मृत्यू झाल्यास भारतीय न्याय संहितेच्या 106 व्या कलमाखाली 5 वर्षांपर्यंत कैद आहे. हयगय कोणाची याचा तपास सुरू झाला की शेड कोणाची, हाही प्रश्न निघतोच.

बंधूंनो, जुना सिमेंटचा पत्रा दिसतो मजबूत, पण माणसाच्या वजनाने एकाएकी फुटतो. उजेडासाठी बसवलेला फायबरचा पत्रा धुळीने माखला की ओळखूही येत नाही. बोल्टच्या रांगेवरून चालले तर भीती नाही, असे काही मिस्त्री सांगतात. पण तोल गेला की पाय पत्र्यावरच पडतो, आणि खाली माग व फरशी असते.

म्हणून काम देण्यापूर्वीच काही गोष्टी ठरवाव्यात. शक्य तेथे खालून परांची बांधून काम करावे. वर जावेच लागले तर पाय पत्र्यावर नको, आधाराच्या लोखंडावर आडव्या टाकलेल्या रुंद फळ्यांवर हवा. पट्ट्याची दोरी मजबूत कैचीला बांधावी. शिडी वर बांधून घ्यावी आणि चार फूट उंचीला एक फूट या हिशेबाने तिचा पाया भिंतीपासून दूर ठेवावा. खालचे माग बंद ठेवून तेथे कोणाला उभे राहू देऊ नये. आपल्या विमा पॉलिसीत ठेकेदाराचे मजूर धरले आहेत का, हे एजंटाला आधीच विचारावे.

फळी, पट्टा आणि दोरी यांचा खर्च उक्त्या रकमेत वेगळा लिहावा आणि त्यावर घासाघीस करू नये. आपण दर पाडला की मिस्त्री सर्वात आधी हाच खर्च कापतो.