ओवा : पुडीपासून बाटलीपर्यंत

आधीच सांगते, मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला. विषयही पोटाचाच आहे! मेसची उसळ बाधली की आपण काय करतो? आईने दिलेल्या डबीतला चिमूटभर ओवा मीठ लावून चावतो आणि वर गरम पाणी पितो. त्या चिमटीत नेमकं काय असतं, हे मला केमिकलच्या तिसऱ्या वर्षाच्या मिनी प्रोजेक्टमुळे कळलं.

आपण ज्याला ओव्याचं बी म्हणतो ते शास्त्राप्रमाणे फळ आहे. त्यात बारीक तेलनलिका असतात. चांगल्या ओव्यातून वजनाच्या साधारण 2 ते 4 टक्के सुगंधी तेल निघतं आणि त्यातला जवळजवळ निम्मा भाग थायमॉल असतो. नाकात जाणारा झणका त्याचाच. (भजी करतो तो जाड पानांचा पानओवा मात्र वेगळं झाड. फक्त वास सारखा.)

हे तेल वाफेने काढतात. आता थायमॉल उकळतं 232 अंशांना, मग 100 अंशांच्या आतच ते वाफेबरोबर कसं येतं? कारण तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत. दोघांच्या बाष्पदाबांची बेरीज हवेच्या दाबाइतकी झाली की मिश्रण उकळायला लागतं. वाफ कंडेन्सरमध्ये थंड होते आणि तेल पाण्यावर तरंगतं. पुस्तकात इतकं सोपं!

प्रत्यक्षात आम्ही 250 ग्रॅम ओवापूड घेतली, तीन तास उकळली आणि तेल मिळालं जेमतेम 1 मिली. सरांनी विचारलं, "जॉइंट गळतोय का?" आम्ही ग्रीस लावलं, पाण्याचा नळ वाढवला, पुन्हा तीन तास बसलो. परत तेच. सबमिशनला चार दिवस राहिले होते. माझी पार्टनर म्हणाली, "जाऊ दे ना, अडीच टक्के लिहू, पुस्तकात तेच आहे." खरं सांगते, मी पेन्सिलीने लिहिलंसुद्धा होतं.

तेवढ्यात लॅबमधल्या मामांनी आमची पुडी हुंगली आणि म्हणाले, "पोरी, हा ओवा नाकाला लागतच नाही. यंत्राला कशाला दोष देतेस?" आम्ही स्वस्त पडते म्हणून तयार पूड आणली होती. दळल्यावर तेलनलिका फुटतात आणि तेल हळूहळू उडून जातं. मग मामांच्या सांगण्यावरून घाऊक बाजारातून नव्या हंगामाचा अख्खा ओवा आणला आणि उकळायच्या आधी पाच मिनिटं भरडला. त्याच फ्लास्कमध्ये 6 मिली तेल आलं! पेन्सिलीचा आकडा खोडला आणि दोन्ही खरे आकडे लिहिले.

आपल्याकडे ओवा मुख्यतः राजस्थान आणि गुजरातमधून येतो. जामनगरची बाजारपेठ त्यासाठी प्रसिद्ध आहे. पण याच ओव्याने एकेकाळी समुद्रही ओलांडला होता. 1914 च्या आधी भारतातला ओवा जहाजाने जर्मनीला जायचा आणि तिथे त्यातून थायमॉल काढलं जायचं. जंतुनाशक म्हणून आणि पोटातल्या हुकवर्मवर औषध म्हणून त्याला मोठी मागणी होती. कच्चा माल आपला, कारखाना त्यांचा! महायुद्धाने हा रस्ता बंद झाला. पुढे मेटाक्रेसॉल आणि प्रोपिलीनपासून थायमॉल स्वस्तात बनू लागलं आणि ओव्याची ती मक्तेदारी संपली.

मग आज या तेलाचा उपयोग काय? थायमॉल माउथवॉशमध्ये असतं, टूथपेस्टमध्ये असतं, मधमाश्यांना लागणाऱ्या व्हॅरोआ गोचिडीवरच्या औषधातही असतं. तेल थंड केलं की थायमॉलचे खडे जमतात, त्यालाच बाजारात 'ओव्याची फुलं' म्हणतात. ही फुलं, पुदिन्याची फुलं आणि कापूर हे तिन्ही घन पदार्थ एका बाटलीत हलवले की त्यांचं आपोआप पाणी होतं, कारण मिश्रणाचा वितळणबिंदू खोलीच्या तापमानाखाली येतो. तीच आपल्या आजीची अमृतधारा! तेल काढल्यावर उरलेल्या चोथ्यातही 15 ते 17 टक्के प्रथिनं असतात, म्हणून तो गुरांना घालतात.

मात्र एक सूचना : चिमूटभर ओवा वेगळा आणि तेल वेगळं. एका चमच्यात मूठभर ओव्यापेक्षा जास्त अर्क असतो, त्यामुळे ते तसंच पिऊ नये. तोंड आणि घसा भाजतो.

आणि ओवा घेताना अख्खाच घ्या. चार दाणे तळहातावर चोळा. डोळ्यांत पाणी यायला हवं. नाही आलं, तर दुकान बदला.

आमची बाटली लॅबमधल्या फ्रिजमध्ये आहे. रात्रीतून तिच्या तळाशी काचेसारखे खडे जमले आहेत. बघायचे असतील तर या, पण आधी मामांना विचारा!