विदर्भाची मालविका आणि बॅलेचा रसिक

कालिदासाच्या 'मालविकाग्निमित्र' या नाटकाची नायिका विदर्भाची राजकन्या आहे, आणि ती रंगमंचावर प्रथम येते ती नृत्याच्या परीक्षेसाठी. गणदास आणि हरदत्त या दोन नृत्याचार्यांमध्ये श्रेष्ठ कोण असा वाद उभा राहतो, पंडिता कौशिकी या परिव्राजिकेकडे परीक्षकाचे काम येते, आणि हा निकाल आचार्यांच्या वादविवादावरून न लावता शिष्यांच्या प्रत्यक्ष प्रयोगावरून लावावा असा आग्रह ती धरते. त्यापुढे जाऊन, सर्वांगाचे सौष्ठव स्पष्ट दिसावे म्हणून पात्रांनी जड वेशभूषा न करता यावे, असेही ती सांगते. नृत्याकडे कसे पाहावे याचा इतका नेमका विचार करणारे प्रेक्षक-पात्र भारतीय नाट्यवाङ्मयात विरळाच आढळते. कौशिकीचे हे दोन्ही आग्रह बॅले या युरोपीय नृत्यप्रकाराला जसेच्या तसे लागू पडतात, आणि म्हणूनच बॅले ही आपल्याला न कळणारी, परक्या श्रीमंतांची कला आहे ही समजूत विदर्भातील रसिकाने तरी बाळगण्याचे कारण नाही.

विदर्भातील सावनेरसारख्या तालुक्याच्या गावाचे रंगभूमीशी नाते जुने आहे. नाटककार राम गणेश गडकरी यांचे अखेरचे दिवस या गावी गेले आणि २३ जानेवारी १९१९ रोजी येथेच त्यांचे निधन झाले. पूर्व विदर्भातील खडी गंमत ही डफ-ढोलकीच्या तालावर उभ्याने रंगणारी लोककला या टापूतील प्रेक्षकांच्या परिचयाची आहे. ज्याने गमतीतल्या नाच्याचा पदन्यास आणि शाहिराचा गळा यांची सांगड डोळ्यांनी व कानांनी एकाच वेळी पारखली आहे, त्याच्याजवळ बॅले पाहण्याची निम्मी तयारी आधीच आहे. उरलेली तयारी आहे ती या कलेची परिभाषा समजून घेण्याची.

मराठीत 'बॅले' हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातो आणि त्यामुळे थोडा घोटाळा होतो. शांती बर्धन यांनी १९५२ साली मुंबईत स्थापन केलेल्या लिटल बॅले ट्रूपचे कळसूत्री बाहुल्यांच्या ढंगातले 'रामायण', किंवा सचिन शंकर यांच्या बॅले युनिटचे प्रयोग, यांना बॅले म्हटले गेले ते 'संवादांऐवजी नृत्यातून कथा सांगणारे नाट्य' या अर्थाने. त्यांतील हालचाली भारतीय होत्या. या लेखात अभिप्रेत असलेला शास्त्रीय बॅले मात्र एक ठराविक देहशिस्त आहे. इटलीच्या दरबारांत पंधराव्या शतकात तिची सुरुवात झाली, फ्रान्समध्ये ती वाढली, चौदाव्या लुईने १६६१ साली पॅरिसमध्ये नृत्याची राजअकादमी स्थापन केली आणि पिएर बोशाँ यांनी पायांच्या पाच मूळ स्थिती निश्चित केल्या. म्हणूनच आजही जगातल्या कोणत्याही वर्गात, मग तो मॉस्कोचा असो वा मुंबईचा, आज्ञा दिल्या जातात त्या फ्रेंच शब्दांत. प्रारंभी स्त्रियांच्या भूमिकाही पुरुषच करीत आणि पॅरिसच्या व्यावसायिक रंगमंचावर स्त्री-नर्तकी आल्या त्या १६८१ साली. बालगंधर्वांची परंपरा सांगणाऱ्या मराठी वाचकाला यात नवल वाटणार नाही.

बॅले पाहताना पहिला अडसर येतो तो वेशाचा. घट्ट बसणारी पायमोजासारखी वस्त्रे आणि कमरेभोवती आडवा पसरलेला 'टुटू' हा आखूड झगा पाहून अनेक प्रेक्षक अवघडतात, पण याचे उत्तर कौशिकीने देऊन ठेवलेले आहे: जी कला देहाच्या रेषेतून बोलते तिच्यात ती रेषा झाकून चालत नाही. ही रेषा म्हणजे काय, तर बोटांच्या टोकांपासून खांदा, पाठ, कंबर आणि पावलाच्या अग्रापर्यंत जाणारा एक अखंड ओघ. 'आराबेस्क' या मुद्रेत नर्तकी एका पायावर उभी राहून दुसरा पाय मागे लांबवते, तेव्हा मागचा पाय किती उंच गेला हे नवखा प्रेक्षक मोजतो, तर जाणता प्रेक्षक तो उचलताना पाठ कोसळली का, मान ताठरली का, आणि ती मुद्रा संगीताच्या वाक्याबरोबर उमलून त्याच्याबरोबरच मिटली का, हे पाहतो. गाण्याच्या बैठकीत तानेच्या वेगापेक्षा ती समेवर कशी आली याला दाद देणारा श्रोता हा फरक चटकन ओळखेल.

दुसरी कळीची गोष्ट म्हणजे पाय बाहेर वळवणे. खुब्याच्या सांध्यापासून संपूर्ण पाय बाहेरच्या दिशेने फिरवल्यामुळे नर्तकाला कोणत्याही बाजूला सहज सरकता येते आणि पाय अधिक मोकळेपणाने उचलता येतो. भरतनाट्यममधील अर्धमंडलात गुडघे बाहेर वळवून बसण्याची जी ठेवण असते तिच्याशी हे साम्य उघड आहे. पण तेथे देहाचा भार जमिनीकडे वाहतो आणि पाऊल भूमीला ठणकावते, तर बॅलेत सगळी धडपड भूमी सोडण्याची असते. मारी ताल्योनी हिने १८३२ साली 'ला सिल्फीद' या बॅलेत पायाच्या बोटांच्या टोकांवर उभे राहून जी तरलता दाखवली तिच्यामुळे ही ओढ शिगेला पोहोचली. त्यासाठीचे 'पॉइंट शूज' वरून रेशमी दिसतात, मात्र त्यांचे टोक कापडाचे व कागदाचे थर खळीने एकत्र चिकटवून कडक केलेले असते, आणि त्या टोकावर सगळ्या देहाचा भार पेलण्यासाठी घोटा, पोटरी आणि पाठ वर्षानुवर्षे घडवावी लागते. प्रेक्षकाला ते कष्ट दिसू नयेत हाच त्या कष्टांचा हेतू असतो.

कथा कळण्यासाठी मूकाभिनयाच्या थोड्या खुणा माहीत असाव्यात. अनामिकेकडे बोट दाखवले की विवाह, दोन्ही हात डोक्यावर एकमेकांभोवती फिरवले की नृत्य, हृदयावर हात ठेवला की प्रेम, मुठी मनगटांशी एकमेकींवर आडव्या आल्या की मृत्यू. कथकली किंवा भरतनाट्यमच्या हस्तमुद्रांपुढे हा कोश फारच लहान आहे आणि अर्ध्या तासात पाठ होतो. नायक-नायिकेच्या युगुलनृत्याला 'पा द द' म्हणतात. त्यात आधी दोघांचे संथ नृत्य, मग प्रत्येकाचे एकल आणि शेवटी दोघांचा द्रुत समारोप असा क्रम असतो, आणि एकलानंतर नर्तक थांबून टाळ्या स्वीकारतो. कथा मध्येच थांबते म्हणून काहींना हे खटकते. पण संगीत नाटकातल्या पदाला वन्समोअर देणाऱ्या मराठी प्रेक्षकाने यावर आक्षेप घ्यावा हे शोभणारे नाही.

पहिल्यांदा पाहण्यासाठी 'स्वान लेक'चे नाव सर्रास सुचवले जाते, परंतु त्याहून 'जिझेल' योग्य ठरेल. १८४१ साली पॅरिसमध्ये सादर झालेल्या या बॅलेत शेतकऱ्याची मुलगी वेष पालटून आलेल्या सरदारपुत्राच्या प्रेमात फसते, सत्य कळताच वेडी होऊन प्राण सोडते, आणि दुसऱ्या अंकात लग्नाआधीच मेलेल्या, दगा मिळालेल्या मुलींच्या आत्म्यांमध्ये सामील होते. हे आत्मे पुरुषांना मरेपर्यंत नाचायला लावतात. जखीण आणि हडळ यांच्या गोष्टी ऐकत वाढलेल्याला हा अंक परका वाटत नाही. पहिल्या अंकातील मातीवरची नाचरी पावले दुसऱ्या अंकात वजनहीन होतात, आणि एकाच नर्तकीच्या देहात झालेला हा पालट टिपणे हाच 'जिझेल' पाहण्याचा खरा आनंद आहे. 'स्वान लेक'मध्येही एकच नर्तकी शुभ्र हंसकन्या ओदेत आणि तिची मायावी प्रतिकृती ओदिल अशा दोन्ही भूमिका करते. पिएरिना लेन्यानी हिने १८९५ साली सेंट पीटर्सबर्गला ओदिलच्या भूमिकेत एका पायावर सलग ३२ 'फुएते' गिरक्या घेतल्या, तेव्हापासून त्या मोजण्याची प्रेक्षकांना सवय लागली आहे. कथकचे चक्कर पाहणाऱ्यालाही ही सवय असते, आणि गिरकी घेताना नजर एका बिंदूवर खिळवून डोके शेवटी फिरवण्याची युक्ती दोन्ही परंपरांत एकच आहे.

बॅलेने भारताकडे पाहिले तेव्हा त्याला कालिदासही भेटला. तेओफील गोतिए या फ्रेंच कवीने, ज्याचा 'जिझेल'च्या कथेतही वाटा होता, शाकुंतलावरून संहिता लिहिली आणि १८५८ साली पॅरिसच्या ऑपेरात 'साकुंतला' हा बॅले सादर झाला. त्याची नृत्यरचना ल्युसियाँ पेतिपा यांची होती. त्यांचे बंधू मारिउस पेतिपा यांनी १८७७ साली सेंट पीटर्सबर्गला 'ला बायादेर' उभा केला, ज्याची नायिका निकिया ही मंदिरातली नर्तकी आहे. 'बायादेर' हा शब्द पोर्तुगीजांच्या 'बायलादेरा'वरून, म्हणजे नाचणारी स्त्री या अर्थाच्या शब्दावरून आला, आणि गोव्यातील कलावंतिणींनाही पोर्तुगीज याच नावाने ओळखत. या बॅलेतला भारत कल्पनेतला आहे, त्यातले पुजारी आणि फकीर पाहून भारतीय प्रेक्षकाला अस्वस्थ वाटते आणि ते वाटणे रास्तच आहे. तरीही त्यातील छायांच्या राज्याचा प्रवेश, ज्यात चोवीस किंवा बत्तीस नर्तकी शुभ्र वेशात उतारावरून एकामागून एक तोच आराबेस्क करीत खाली येतात, हा समूहनृत्याचा कळस मानावा लागतो. एकाच पदन्यासाच्या पुनरावृत्तीतून नामजपासारखी तंद्री निर्माण करण्याचे सामर्थ्य फार थोड्या रचनांत आहे.

उलट दिशेचा प्रवास महाराष्ट्रातूनही झाला. रशियन नर्तकी आना पाव्हलोवा १९२०च्या दशकात भारतात आली, १९२३ साली तिने उदय शंकर यांच्यासह लंडनमध्ये 'राधा-कृष्ण' सादर केले, आणि मुंबईच्या लीला सोखी तथा मादाम मेनका यांनाही तिच्याकडून उत्तेजन मिळाले. मेनकांनी खंडाळ्याला नृत्यशाळा चालवली, १९३६ साली बर्लिनच्या आंतरराष्ट्रीय नृत्यस्पर्धेत आपले पथक नेऊन पारितोषिके मिळवली, आणि कथकच्या आधारे ज्या मोजक्या नृत्यनाटिका रचल्या त्यांपैकी एक 'मालविकाग्निमित्र' होती. विदर्भाच्या राजकन्येची परीक्षा अशी सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर पुन्हा एकदा झाली.

शास्त्रीय बॅलेचे पद्धतशीर शिक्षणही महाराष्ट्रात नवे नाही. तुष्णा डल्लास यांनी १९६६ साली मुंबईत सुरू केलेल्या शाळेत अनेक पिढ्या शिकल्या. पुढे येहुदा माओर या इस्रायली-अमेरिकन शिक्षकाने मुंबईत मनीष चौहान आणि अमिरुद्दीन शाह या सामान्य घरांतल्या दोन मुलांना घडवले. अमिरुद्दीन लंडनच्या रॉयल बॅले स्कूलपर्यंत पोहोचला, आणि या दोघांच्या वाटचालीवरून सूनी तारापोरवाला यांनी २०२० साली 'येह बॅले' हा चित्रपट केला, ज्यात मनीषने स्वतःवर बेतलेली भूमिका स्वतःच केली. मनीषने बॅलेला सुरुवात केली ती या कलेच्या मानाने खूपच उशिरा, आणि प्रौढ शिकाऊंच्या दृष्टीने ही गोष्ट महत्त्वाची आहे, जरी त्याच्याइतके कष्ट सर्वांना शक्य नसले तरी.

प्रौढाने बॅले शिकावा तो रंगमंचासाठी नव्हे, ही गोष्ट आरंभीच मान्य केली म्हणजे पुढचा मार्ग सोपा होतो. चाळिशीच्या शिक्षिकेला किंवा साठीला टेकलेल्या निवृत्त कर्मचाऱ्याला यातून मिळतो तो पाठीचा ताठपणा, तोल, घोट्याचे बळ, आणि त्याहून मोलाचा म्हणजे पाहणारा डोळा. स्वतः एकदा सावकाश 'प्लीए' केल्यावर, म्हणजे पाठ सरळ ठेवून आणि गुडघे पायाच्या बोटांच्या दिशेने राखून खाली वाकल्यावर, उंच उडी मारून निःशब्द उतरणाऱ्या नर्तकाचे कसब अंगाला कळते. ऐकून समजलेला राग आणि दोन महिने का होईना पण गळ्यातून काढून पाहिलेला राग यांत जो फरक असतो तोच येथेही आहे. लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ डान्स या १९२० सालच्या संस्थेने पंचावन्न वर्षांपुढील व्यक्तींसाठी 'सिल्व्हर स्वान्स' नावाचे स्वतंत्र वर्ग चालवले आहेत, यावरून वयाची अट किती सैल झाली आहे हे दिसते.

वर्गाचा क्रम ठरलेला असतो: प्रथम आडव्या दांड्याला धरून प्लीए, मग पाऊल जमिनीवरून घासत लांबवण्याचा 'तांद्यू', टाचा उचलण्याचा 'रलव्हे', त्यानंतर दांडा सोडून मध्यभागी तोल, गिरक्या, लहान व मोठ्या उड्या, आणि शेवटी शिक्षकाला व वादकाला लवून वंदन, जे आपल्याकडील भूमिवंदनाची आठवण करून देते. गावात शिक्षक मिळाला नाही तर जड खुर्चीच्या पाठीला धरून दांड्याचे सुरुवातीचे प्रकार घरी करता येतात, मात्र काही पथ्ये कटाक्षाने पाळावीत. पाय बाहेर वळवायचा तो खुब्यातून जितका वळेल तितकाच, कारण पावले जबरदस्तीने फाकवली तर त्याची किंमत गुडघा मोजतो; शहाबादी किंवा सिमेंटच्या फरशीवर उड्या मारू नयेत; पॉइंट शूजचा मोह शिक्षकाच्या परवानगीशिवाय धरू नये; आणि गुडघ्याचा, पाठीचा किंवा हृदयाचा विकार असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे. वैशाखातल्या विदर्भात हा रियाज पहाटेच उरकणे बरे. मोठ्या संस्था २०१४ पासून 'वर्ल्ड बॅले डे'च्या निमित्ताने आपले सकाळचे वर्ग आंतरजालावर खुले करतात आणि ते घरबसल्या पाहता येतात. त्यात जगद्विख्यात नर्तकीही रोजच्या दिवसाचा आरंभ त्याच साध्या प्लीएने करताना दिसते.

मेघदूतातला रामगिरी म्हणजे रामटेक असे परंपरा मानते, आणि नागपूर-रामटेकला कालिदासाच्या नावाने महोत्सव होत आले आहेत. त्यांतील एक संध्याकाळ 'ला बायादेर'मधल्या छायांच्या प्रवेशाच्या चित्रफितीसाठी आणि तो कसा पाहावा हे सांगणाऱ्या जाणकारासाठी राखून ठेवावी, आणि तशीच एक संध्याकाळ सावनेरलाही व्हावी, अशी आयोजकांना विनंती आहे.