मोहाखालचा धूर आणि कोळशातला गंधक

मार्च महिना लागला की सिरोंचा, अहेरी, भामरागड या भागात सकाळच्या वेळी हवेत धूसर पडदा दिसू लागतो. मोहफुले वेचणे सोपे जावे म्हणून झाडाखालचा पालापाचोळा पेटवतात. पुढे तेंदूला नवी पालवी फुटावी म्हणूनही आग लावली जाते. दम्याच्या रुग्णांना हे दिवस जड जातात. तरीही ‘हा जंगलाचा धूर, कारखान्याचा थोडाच आहे!’ असे म्हणून आपण तिकडे दुर्लक्ष करतो. हवेत मात्र जंगलाचा धूर आणि कारखान्याचा धूर असे वेगवेगळे कप्पे नसतात.

लाल मुंग्यांची चटणी आपल्या भागात आवडीने खातात. तिचा आंबटपणा फॉर्मिक आम्लाचा. लॅटिन भाषेत मुंगीला ‘फॉर्मिका’ म्हणतात, त्यावरून हे नाव पडले. हेच आम्ल लाकूड व पाने जळताना वायुरूपाने बाहेर पडते. झाडांच्या पानांतून निघणाऱ्या वायूंपासूनही ते उन्हात तयार होते. त्याच्या जोडीला शिरक्यात असणारे ॲसेटिक आम्लही असते. अशा आम्लांना सेंद्रिय आम्ले म्हणतात. जंगलाच्या हवेत ती नेहमीच थोड्या प्रमाणात असतात. आग लागली की त्यांचे प्रमाण वाढते.

आता दुसरी बाजू पाहू. दगडी कोळशात गंधक असतो. तो जळला की सल्फर डायऑक्साइड हा वायू बनतो. चंद्रपूरच्या महाऔष्णिक विद्युत केंद्राची क्षमता २९२० मेगावॅट आहे. नदीपलीकडे तेलंगणात भूपालपल्लीजवळ चेलपूर येथेही कोळशावरचे वीज केंद्र आहे. धुराड्यातून निघालेला हा वायू एक-दोन दिवस हवेत राहतो. त्यापासून बनलेले सूक्ष्म कण मात्र आठवडाभर टिकतात आणि वाऱ्याबरोबर शेकडो किलोमीटर जाऊ शकतात.

हे कण बनतात कसे? सल्फर डायऑक्साइडचा काही भाग हवेत सल्फर ट्रायऑक्साइड बनतो. त्याला पाण्याची वाफ मिळाली की क्षणात गंधकाम्ल तयार होते. हा मुख्य मार्ग होय. परंतु २०१५ साली अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी आणखी एक मार्ग दाखवून दिला. सल्फर ट्रायऑक्साइड थेट फॉर्मिक आम्लाशीही संयोग पावतो. या नव्या संयुगाला पुढे पाणी मिळाले की ते फुटते. त्यातून गंधकाम्ल तयार होते आणि फॉर्मिक आम्ल जसेच्या तसे मोकळे होते. सोयरीक जुळवून मध्यस्थ बाजूला व्हावा, तसाच हा प्रकार!

गंधकाम्लाचे रेणू एकमेकांना चिकटतात. शेणखत व रासायनिक खतांतून निघणारा अमोनिया त्यांना येऊन मिळतो आणि त्यातून अतिसूक्ष्म कण बनतात. धुरातली काजळी त्यात भर घालते.

सल्फर डायऑक्साइड पाण्यात सहज विरघळतो, म्हणून तो बहुतांशी नाक-घशातच अडतो. तेथे जळजळ होते, आणि दमेकऱ्याच्या श्वासनलिका काही मिनिटांत आवळतात. अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक कण मात्र फुप्फुसाच्या शेवटच्या टोकापर्यंत पोहोचतात. त्यांचा ताण हृदयावरही पडतो. चोवीस तासांच्या सरासरीने असे कण घनमीटर हवेत ६० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नसावेत, असे भारतीय मानक सांगते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ही मर्यादा १५ ठेवली आहे.

धुराड्यातला गंधक रोखणे आपल्या हातात नाही, ते काम शासनाचे. डिसेंबर २०१५ मध्ये केंद्र सरकारने औष्णिक केंद्रांना या वायूची मर्यादा घालून दिली. जुलै २०२५ मध्ये मात्र देशातील बहुतेक केंद्रांना गंधक काढणारी यंत्रणा बसवण्यातून सूट मिळाली. तेव्हा आपल्या बाजूचा धूर कमी करणे अधिकच गरजेचे झाले आहे. त्यासाठी पुढील गोष्टी कराव्यात.

मोहाखालचा पाचोळा पेटवू नये. तो झाडून बाजूला सारावा, किंवा झाडाखाली जाळी अथवा जुनी लुगडी पसरावीत. फुलेही स्वच्छ मिळतात. तेंदूची झुडपे आगीऐवजी छाटली तरी नवी पालवी येते. घरात चुलीचा धूर बाहेर जाण्यास वाट ठेवावी. तान्ही मुले व गर्भवती स्त्रिया यांनी चुलीजवळ बसून राहू नये. धुराच्या दिवशी म्हाताऱ्या माणसांनी व दमेकऱ्यांनी बाहेरची कष्टाची कामे टाळावीत. तोंडाला बांधलेल्या रुमालाने राख अडते, पण सूक्ष्म कण अडत नाहीत. त्यासाठी एन-९५ मुखपट्टी नाकावर घट्ट बसेल अशी लावावी. दम्याची फवाऱ्याची औषधे मनाने बंद करू नयेत.

बोलताना धाप लागणे, ओठ निळसर पडणे, मुलाच्या बरगड्या श्वासागणिक आत ओढल्या जाणे ही धोक्याची लक्षणे आहेत. अशा वेळी घरगुती उपायांत वेळ न दवडता रुग्णाला ताबडतोब रुग्णालयात न्यावे.