पालकांनो, सल्ला कोणाचा मानावा?

घरी बाळ जन्माला आले की पाहुण्यांबरोबर सल्लेही येतात. आजी एक सांगते, शेजारीण दुसरे सांगते, आणि मोबाइलवर येणारे संदेश तिसरेच काही सांगतात. मिस्सा आटोपल्यावर एखादी तरुण माता मोबाइल पुढे करून आम्हांला विचारते, “फादर, हे खरे आहे का हो?” आम्ही वैद्य नाही. त्यामुळे बाळाच्या प्रकृतीविषयी निर्णय देण्याचा अधिकार आम्हांला नाही. परंतु सल्ला पारखावा कसा, याविषयी मात्र चार गोष्टी सांगता येतील.

प्रथम एक सत्य घटना पाहू. डॉ. बेंजामिन स्पॉक हे अमेरिकेतील विख्यात बालरोगतज्ज्ञ. १९४६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या बालसंगोपनावरील पुस्तकाच्या लक्षावधी प्रती जगभर खपल्या. १९५८ च्या आवृत्तीत त्यांनी बाळाला पालथे झोपवण्याची सवय लावणे बरे, असे सुचवले. उताणे झोपलेल्या बाळाला उलटी झाली तर ते गुदमरेल, हे त्यामागील कारण. कारण पटण्याजोगे होते, सांगणारा नामवंत होता आणि त्याचा हेतूही शुद्ध होता. इतर तज्ज्ञही तेच सांगत होते. तथापि, ही गोष्ट प्रत्यक्ष पडताळून पाहिलेली नव्हती.

पुढे संशोधकांनी झोपेत अचानक दगावलेल्या बाळांची माहिती गोळा केली आणि ती सुखरूप असलेल्या बाळांच्या माहितीशी ताडून पाहिली. तेव्हा पालथे झोपवलेल्या बाळांना धोका कितीतरी अधिक असल्याचे दिसून आले. ब्रिटनमध्ये १९९१ साली आणि अमेरिकेत १९९४ साली बाळाला उताणे झोपवण्याची मोहीम सुरू झाली. त्यानंतर दोन्ही देशांत अशा मृत्यूंचे प्रमाण निम्म्याहून अधिक घटले. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने तर मन विषण्ण करणारी गोष्ट दाखवून दिली. १९७० पर्यंत उपलब्ध असलेले पुरावे कोणी एकत्र करून वाचले असते, तर युरोप, अमेरिका आणि ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड या भागांत मिळून किमान ५०,००० बालकांचे प्राण वाचू शकले असते, असा त्या संशोधकांचा अंदाज आहे.

या घटनेतून पहिला धडा मिळतो. सांगणाऱ्याचे मोठे नाव आणि पटण्याजोगे कारण म्हणजे पुरावा नव्हे. म्हणून ‘हे कशावरून सांगता?’ असे नम्रपणे विचारावे. असा प्रश्न विचारल्याने कोणाचाही अवमान होत नाही.

दुसरा प्रश्न असा, की पुरावा किती जणांचा आहे? १९९८ साली इंग्लंडमधील एका लेखाने गोवर, गालगुंड व रुबेला यांच्या एकत्रित लशीचा संबंध स्वमग्नतेशी जोडला. त्याचा आधार होता अवघी १२ मुले. २०१० साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकाने तो लेख मागे घेतला. २०१९ साली डेन्मार्कमधील ६,५७,४६१ मुलांची पाहणी प्रसिद्ध झाली. लस घेतलेल्या मुलांत स्वमग्नतेचे प्रमाण वाढलेले तीत आढळले नाही. तरीही तो जुना संदेश आजही फिरत असतो. ‘आमच्या बाळाला गुण आला’ हा अनुभव खरा असू शकतो. परंतु ते बाळ आपोआपही बरे झाले असेल. अनेक मुलांची तुलना केल्याशिवाय हे उमगत नाही.

तिसरा प्रश्न, सल्ला देणाऱ्याला त्यातून काय लाभ होतो? भारतात १९९२ साली केलेल्या कायद्याने आईच्या दुधाला पर्याय म्हणून विकल्या जाणाऱ्या दूध पावडरीच्या व दुधाच्या बाटल्यांच्या जाहिरातीवर बंदी घातली. विक्रेत्याचा सल्ला आणि हितचिंतकाचा सल्ला यांतील अंतर कायद्यालाही दखल घेण्याइतके मोठे वाटले. जो लेख शेवटी एखादा डबा किंवा औषध विकत घ्यायला सांगतो, तो दोनदा तपासून घ्यावा.

चौथा प्रश्न, स्वतंत्र संस्था काय म्हणतात? जागतिक आरोग्य संघटना, तसेच १९६३ साली स्थापन झालेली बालरोगतज्ज्ञांची ‘इंडियन ॲकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स’ यांचे मत जुळत असेल, तर त्या सल्ल्यावर अधिक विश्वास ठेवावा. नवा पुरावा मिळताच या संस्था आपले मत बदलतात. त्याला धरसोड समजू नये, तो प्रामाणिकपणा आहे.

याचा अर्थ आजीने सांगितलेले सारे टाकाऊ, असा मुळीच नाही. बाळाला उराशी धरणे, अंगाई गाणे, मातेने स्वतःचे दूध पाजणे या गोष्टी आपल्या आज्यांनी सांगितल्या आणि विज्ञानाने त्या उचलून धरल्या. मात्र जन्मताच मधाचे बोट चाटवणे किंवा पहिला चीक पिळून टाकणे या प्रथा सोडून द्याव्यात. मधातील काही जंतूंमुळे एक वर्षाखालील बाळाला क्वचित पण गंभीर विषबाधा होऊ शकते, तर चिकातून बाळाला रोगप्रतिकारशक्ती लाभते. पहिले सहा महिने केवळ आईचे दूध द्यावे. वरचे पाणीही नको, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. सासूबाईंना हे सांगताना आवाज चढवण्याची गरज नाही. त्यांना बाळाच्या तपासणीला सोबत न्यावे आणि डॉक्टरांच्या तोंडून ऐकू द्यावे.

आणखी एक गोष्ट. पूर्वी आपण बाळाला पालथे झोपवले किंवा मध चाटवला म्हणून कोणत्याही मातेने स्वतःला अपराधी मानू नये. त्या वेळी जे ठाऊक होते, ते तिने प्रेमापोटीच केले. आज अधिक ठाऊक झाले आहे, म्हणून आज बाळाला उताणे झोपवावे, शंका आल्यास डॉक्टरांना विचारावे, आणि मोबाइलवर आलेला संदेश पडताळल्याशिवाय पुढे पाठवू नये, एवढीच आमची विनंती.