शिशूंच्या झोपेच्या सवयी व कुटुंबाचा दिनक्रम : माथेरानच्या संदर्भात

प्रस्तावना :
बालकाच्या वाढीत आहाराइतकेच झोपेचेही स्थान महत्त्वाचे आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार दिवसाची झोप धरून चोवीस तासांत ४ ते ११ महिन्यांच्या बालकास १२ ते १६ तास, तर १ ते २ वर्षांच्या बालकास ११ ते १४ तास झोप आवश्यक असते. मात्र ही झोप बालकास मिळेल की नाही, हे मुख्यतः घरातील मोठ्यांच्या दिनक्रमावर ठरते. प्रस्तुत लेखात माथेरानच्या संदर्भात या संबंधाचा विचार केला आहे.

झोपेची घडण :
नवजात शिशूस दिवस व रात्र यांतील भेद कळत नाही. साधारणतः दोन-तीन महिन्यांनंतर त्याच्या शरीरात रात्री मेलाटोनिन हे संप्रेरक नियमितपणे स्रवू लागते. सकाळचा प्रकाश, रात्रीचा अंधार आणि ठरावीक क्रम यांमुळे ही लय दृढ होते. मध्यरात्री जाग येणे हा दोष नव्हे. लहान बालकाच्या झोपेची आवर्तनेच छोटी असतात.

माथेरानमधील दोन ऋतू :
सुमारे ८०० मीटर उंचीवरील माथेरानमध्ये पर्यटकांच्या मोटारींना प्रवेश नसल्याने वाहनांचा गोंगाट जाणवत नाही. तथापि केवळ शांतता पुरेशी नसते. येथील उपजीविका पर्यटनावर अवलंबून आहे. उन्हाळी व दिवाळीच्या सुट्ट्यांत हॉटेल, खानावळ वा दुकान सांभाळणाऱ्या घरात दिवे उशिरापर्यंत जळतात आणि बालकाचा निजण्याचा समय पुढे ढकलला जातो. याउलट पावसाळ्यात पर्यटक कमी होतात. परंतु दाट धुक्यामुळे दिवसाही पुरेसा उजेड मिळत नाही. म्हणजेच एका ऋतूत अंधार उणा पडतो, तर दुसऱ्या ऋतूत प्रकाश.

उपाययोजना :
यावर उपाय म्हणजे घड्याळापेक्षा क्रम सांभाळणे. कोमट पाण्याने अंग पुसणे, दूध, मंद दिवा व अंगाई हा क्रम आई कामावर असल्यास आजीने वा वडिलांनीही तसाच पाळावा. पावसाळ्यात सकाळी बालकास ओसरीवर वा खिडकीपाशी उजेडात घेऊन बसावे. निजण्यापूर्वी मोबाईल दाखवू नये. पहिल्या वर्षात बालकास सपाट अंथरुणावर पाठीवर निजवावे. जवळ उशी वा सैल पांघरूण नसावे. गारठा असला तरी बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवणे प्राणघातक ठरू शकते.

श्रम आणि झोप :
आईचे श्रम व बालकाची झोप यांचा संबंध जुना आहे. विसाव्या शतकाच्या प्रारंभी मुंबईच्या गिरण्यांत काम करणाऱ्या अनेक स्त्रिया तान्ह्या मुलांना अफूयुक्त बाळागोळी देऊन निजवीत. त्यामागे मातेची निष्काळजी नव्हे, तर सांभाळणारे कोणी नसण्याची अगतिकता होती. २०१७ च्या सुधारणेने ५० वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक झाले. परंतु लहान हॉटेले या मर्यादेबाहेर राहतात.

निष्कर्ष :
बालकाची झोप हा केवळ मातेच्या कौशल्याचा प्रश्न नाही. प्रकाश, अंधार व क्रम यांचे भान कुटुंबाने ठेवावे. हंगामात मात्र लहान व्यावसायिकांनी एकत्र येऊन सामायिक पाळणाघराची सोय करणे अगत्याचे आहे.