गरिबांचा आरोग्यविमा: आर्कान्साच्या आमदारांचे प्रयोग

अमेरिकेत गरिबांसाठी ‘मेडिकेड’ नावाची सरकारी आरोग्यविमा योजना आहे. पैसा केंद्र आणि राज्य मिळून घालतात, कारभार राज्य पाहते. त्यामुळे योजनेत कोणाला घ्यायचे, कोणत्या अटी घालायच्या आणि खर्च कसा आवरायचा, हे वाद राज्यांच्या विधिमंडळांत सतत रंगतात. दक्षिणेकडचे आर्कान्सा हे बरेचसे ग्रामीण राज्य. २०१३ पासून तिथे या योजनेवर एकामागून एक प्रयोग झाले. त्यांतल्या एका प्रयोगाची अट आता देशभर लागू होणार आहे.

मेडिकेड चालते कसे?

३० जुलै १९६५ रोजी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी एका कायद्यावर सही केली आणि वृद्धांसाठी मेडिकेअर व गरिबांसाठी मेडिकेड अशा दोन योजना जन्माला आल्या. मेडिकेअर केंद्राची. मेडिकेडमध्ये यायचे की नाही, हे राज्याच्या मर्जीवर. ॲरिझोना सर्वांत शेवटी, १९८२ मध्ये आले. केंद्र किमान ५० टक्के खर्च उचलते आणि राज्य जितके गरीब तितका केंद्राचा वाटा वाढतो.

नुसते गरीब असून मात्र भागत नसे. योजना मुख्यतः मुले, गरोदर स्त्रिया, अपंग आणि वृद्ध यांच्यासाठी होती. मूलबाळ नसलेल्या धडधाकट प्रौढाला आर्कान्सात मेडिकेडचे दार बंदच होते.

२०१० च्या कायद्याने काय बदलले?

ओबामा यांच्या काळातील आरोग्य कायद्याने दारिद्र्यरेषेच्या १३८ टक्क्यांपर्यंत उत्पन्न असलेल्या सर्व प्रौढांना मेडिकेडमध्ये घ्यायचे ठरवले. २०२५ च्या हिशेबाने एकट्या माणसासाठी ही मर्यादा वर्षाला सुमारे २१,६०० डॉलर होते. या नव्या लाभार्थींचा पूर्ण खर्च २०१४ ते २०१६ केंद्राने द्यायचा, पुढे टप्प्याटप्प्याने २०२० पासून ९० टक्के. पण जून २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, राज्यांवर ही सक्ती करता येणार नाही. मग हा निर्णय प्रत्येक राज्याच्या विधिमंडळात गेला.

पहिला प्रयोग: सरकारी पैसा, खासगी विमा

आर्कान्साचे गव्हर्नर माइक बीबी डेमोक्रॅट होते, विधिमंडळात बहुमत रिपब्लिकनांचे. सरकारी योजना वाढवायला रिपब्लिकन आमदार तयार नव्हते, पण केंद्राचा पैसा सोडणेही परवडणारे नव्हते. २०१३ मध्ये तोडगा निघाला: मेडिकेडच्या पैशातून गरिबांना खासगी कंपन्यांचा विमा घेऊन द्यायचा. दोन लाखांहून अधिक लोकांना याचा लाभ झाला आणि राज्यातील विमा नसलेल्यांचे प्रमाण दोन वर्षांत निम्म्यावर आले. खासगी विमा रुग्णालयांना जास्त दर देतो, म्हणून खर्चही वाढला. केंद्राच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २०१४ मध्ये दाखवून दिले की, केंद्राने मंजूर केलेली खर्चमर्यादा असायला हवी त्यापेक्षा सुमारे ७७ कोटी ८० लाख डॉलरनी जास्त होती.

तीन चतुर्थांश मतांची कसरत

आर्कान्साच्या राज्यघटनेनुसार बहुतेक खर्चाच्या विधेयकांना दोन्ही सभागृहांत तीन चतुर्थांश मते लागतात: १०० पैकी ७५ आणि ३५ पैकी २७. म्हणजे सिनेटमधले नऊ सदस्यही योजना रोखू शकतात, आणि तेही दरवर्षी. २०१४ मध्ये कनिष्ठ सभागृहात विधेयक अनेकदा पडले आणि अखेर ७६ मतांनी निसटते पार झाले.

२०१५ मध्ये नवे रिपब्लिकन गव्हर्नर एसा हचिन्सन यांच्या काळात आमदारांचा अभ्यासगट नेमला गेला. त्याने सल्लागार कंपनीकडून अहवाल मागवले आणि संपूर्ण मेडिकेड तपासले. पुढच्या वर्षी सुधारित योजना आली, तरी सिनेटमध्ये मते कमीच पडत होती. तेव्हा एक युक्ती लढवली गेली. योजना बंद करणारे कलम विधेयकात घातले, त्यामुळे विरोधकांनीही बाजूने मत दिले, आणि मग गव्हर्नरांनी तेवढेच कलम नकाराधिकाराने काढून टाकले.

दुसरा प्रयोग: कामाची अट

जून २०१८ मध्ये आर्कान्साने देशात प्रथमच कामाची अट प्रत्यक्षात आणली. सुरुवात ३० ते ४९ वयोगटापासून झाली. महिन्याला ८० तास काम, शिक्षण किंवा समाजसेवा करायची आणि त्याची नोंद द्यायची. वर्षात तीन महिने चुकले, की उरलेल्या वर्षासाठी विमा बंद.

अडचण नोंदीत होती. पहिले काही महिने ती फक्त ऑनलाइन करता येई, आणि संकेतस्थळ रात्री नऊ ते सकाळी सात बंद असे. हॉटेलात किंवा दुकानात उशिरापर्यंत राबणाऱ्याला, घरी इंटरनेट नसलेल्याला हे कसे जमावे? डिसेंबरपर्यंत १८ हजारांहून अधिक लोकांचा विमा गेला.

हार्वर्डच्या संशोधकांचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. अटीमुळे रोजगार वाढल्याचे त्यात दिसले नाही, विमा नसलेले मात्र वाढले. अट लागू झालेल्यांपैकी ९५ टक्क्यांहून अधिक लोक आधीच ती पूर्ण करत होते किंवा सवलतीस पात्र होते. मार्च २०१९ मध्ये न्यायाधीश जेम्स बोसबर्ग यांनी ही अट रद्द केली. वैद्यकीय संरक्षण देणे हाच योजनेचा मूळ हेतू, आणि राज्याच्या या अटीला मंजुरी देताना केंद्राने त्याचाच विचार केला नाही, असे त्यांनी म्हटले.

आता पुढे काय?

४ जुलै २०२५ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी सही केलेल्या कायद्याने महिन्याला ८० तासांची अट देशपातळीवर आणली. मेडिकेडचा विस्तार केलेल्या राज्यांनी १ जानेवारी २०२७ पर्यंत ती लागू करायची आहे. विस्तारामुळे योजनेत आलेल्या १९ ते ६४ वयाच्या लाभार्थींना ती लागू होईल. १३ वर्षांपर्यंतच्या मुलांचे पालक आणि गंभीर आजारी यांना सूट आहे. विस्तारामुळे आलेल्यांच्या पात्रतेची फेरतपासणी वर्षाऐवजी सहा महिन्यांनी होईल.

अट असावी की नसावी, हा वाद केंद्राने संपवला आहे. ती राबवायची कशी, हे अजून बऱ्याच अंशी राज्यांच्या हाती आहे. पगाराच्या सरकारी नोंदींवरून काम आपोआप तपासता आले, तर कष्टकऱ्याला दरमहा पुरावा द्यावा लागणार नाही. फोनवर आणि कार्यालयात जाऊनही नोंद करता यायला हवी. विमा तोडण्याआधी कारण विचारायला हवे. आर्कान्सात अनेकांना बाहेर काढले ते कामचुकारपणाने नव्हे, नोंदीच्या पद्धतीने. म्हणून गरिबांसाठीच्या योजनेत सुधारणा मांडणाऱ्या आमदाराला पहिला प्रश्न विचारावा तो हाच: पात्र माणूस निव्वळ कागदपत्रांपायी बाहेर पडणार नाही, याची तजवीज काय?