भार मनगटांवर नको

यामाहा आर१५ या मोटरसायकलची सीट ८१५ मिलिमीटर उंच, हँडल खाली, फूटरेस्ट मागे. साहजिकच शरीर पुढे झुकतं आणि भार तळहातांवर येतो. तो तिथे राहू देऊ नका. मांड्या-गुडघ्यांनी टाकी घट्ट धरा, पोट आणि कंबरेच्या जोरावर धड तोला, कोपरं सैल सोडा. वेगात समोरचा वारा छातीला थोडा आधार देतो. खरा छळ होतो तो शहरातल्या तुंबलेल्या ट्रॅफिकमध्ये. सीटसाठी फार मऊ फोमच्या मोहात पडू नका. तो दबला की बैठकीची हाडं थेट खालच्या कडक भागावर टेकतात. जीन्सची जाड शिवणही लांबच्या प्रवासात काचते. बोटांना किंवा जांघेत मुंग्या आल्या तर नस दबते आहे असं समजा. लगेच थांबा, उतरून चाला.